काठोकाठ

मित्रांनो, एके काळी माझ्यात माणसं बसत, आता घोडे तोंड घालतात. मी बिडाचा, आतून पांढरा मुलामा दिलेला एक जुना टब आहे. भट्टीतून ओतून निघालो तेव्हा सहा जणांनी मला उचललं आणि सहाही जणांनी शिव्या घातल्या. अंगाने एवढा जड असलो तरी मनाने मी मुळीच स्थिर नाही. काही बिनसलं की आतल्या आत तळमळतो, आणि जागचं हलता तर येत नाही!

पहिली चाळीस वर्षं मी क्विल्टींच्या घरात काढली. ऑस्ट्रेलियातल्या मॅलीच्या त्या कोरड्या मुलखात छपरावरून टाकीत साठेल तेवढंच पाणी. म्हणून शनिवारी मला एकदाच भरायचे आणि त्याच पाण्यात सगळं घर ओळीने न्हायचं. आधी वडील, मग आई, मग ग्लेनिस आणि सर्वांत शेवटी धाकटा मर्व्ह. त्याच्या वाट्याला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. आज तो पासष्टीला आला, तरी ती तक्रार काही संपलेली नाही.

आईवडील गेल्यावर ग्लेनिसने त्या शेतावर म्हाताऱ्या, लंगड्या, मालकांनी टाकून दिलेल्या घोड्यांना आसरा दिला. घरात शॉवर आला आणि मला वाटलं, आता आपण भंगारात. पण तिने मला रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लिपरांवर बसवलं, ते नव्या घोड्याच्या आवारात. नवा आलेला घोडा पहिले तीन आठवडे तिथे एकटा राहतो. ग्लेनिस सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी मला भरायची. कोण किती प्यायलं, हे तिला माझ्याकडे एक नजर टाकली की कळायचं.

गेल्या हिवाळ्यात तिचा खांदा धरला. मर्व्हने टाकीपासून प्लॅस्टिकचा पाइप आणला आणि माझ्या कडेला बॉलकॉक बसवला. पाणी जरा उतरलं की आपोआप भरणार.

"आता बादल्या फेकून दे, ग्लेनिस. हा टब रिकामा दिसला तर माझं नाव बदलून ठेव."

"बघू हं. तुझी कामं पहिल्या आठवड्यात झकास असतात."

पण काम खरंच झकास झालं. मी दिवसरात्र काठोकाठ! येणारे-जाणारे माझं कौतुक करत आणि मी खुळ्यासारखा फुगलो होतो.

मग हा जानेवारी आला, म्हणजे इकडचा ऐन उन्हाळा, आणि त्याच्याबरोबर सुलताना. शर्यतीच्या गाडीला जुंपून जुंपून थकलेली घोडी, बरगड्या मोजाव्यात अशी. रंग बेदाण्याचा, इकडे बेदाण्याला सुलतानाच म्हणतात, म्हणून ते नाव. गुरुवारी संध्याकाळी आली आणि नाक बुडवून अशी प्यायली की बॉलकॉक खडखडला. मला तर आनंदाचं भरतं आलं.

शुक्रवारी उत्तरेच्या वाळवंटाकडून भट्टीसारखा वारा सुटला. माझ्या मागच्या वाळक्या गवतात कुंपणाची एक काठी मोडली आणि घोडे अडवायला कुंपणात ओढलेली विजेची तार माझ्या काठावर येऊन टेकली. टक्... टक्... टक्... दर सेकंदाला एक झटका. खाली सुकं लाकूड, त्यामुळे वीज जमिनीत जाईना, माझ्यातच राहिली.

सुलताना तहानेने आली, ओठ पाण्याला लावले आणि किंचाळून मागे उडाली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती फक्त उभी राहिली, मान लांब करून, माझ्याकडे बघत. मित्रांनो, पाण्याने भरलेला मी, आणि तिला झटके देत होतो!

आता कोणीतरी येईल, हात लावेल, ओरडेल, अशी मी वाट पाहत राहिलो. मर्व्ह रोज सकाळी येऊन लीद उचलायचा, सुलतानाच्या तोंडावर माश्या अडवणारी जाळी चढवायचा, ब्रशने मला घासायचा. हात थेट पाण्यात! पण त्याला कसं कळणार? तपकिरी सापांच्या भीतीने उन्हाळ्यात तिथे रबरी गमबुटांशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. रबर असलं की वीज शांत.

"बघ, सदानकदा टबाजवळच उभी," शनिवारी मर्व्ह म्हणाला. "पाणी आवडलंय तिला आपलं."

दुपारी ग्लेनिस पाइपने तिच्या अंगावर पाणी मारायला लागली, तर घोडी नाकावरून ओघळणारं पाणी जीभ काढून चाटू लागली.

"लाडोबा आहे नुसती!" ग्लेनिस हसली.

मला रडू कोसळायचं तेवढं राहिलं होतं. अगं, लाड नाहीत ते, तहान आहे!

रविवारी उन्हाचा पारा त्रेचाळीसवर गेला. सुलताना पायाने माती उकरायला लागली, वळून वळून आपल्या पोटाकडे बघायला लागली आणि शेवटी बसली. ग्लेनिसने डॉक्टरीण ओशेबाईंना फोन लावला. त्या दोन तासांच्या अंतरावर दुसऱ्या घोड्याजवळ होत्या. फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मानेची कातडी चिमटीत धरून सोड. कातडी लगेच सपाट होते का?"

"नाही डॉक्टर, चिमटीची घडी तशीच राहतेय."

"अंगातलं पाणी आटलंय तिच्या. पाणी किती पितेय?"

"टब तर काठोकाठ आहे," मर्व्ह मध्येच म्हणाला.

"टब नाही विचारला मी, मर्व्ह. घोडी किती पितेय?"

टक्... टक्... माझं चालूच होतं.

"मला माहीत नाही," ग्लेनिस हळूच म्हणाली. एवढ्या वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "तो आपोआप भरतो. मी बघतच नाही."

"निघाले मी. तोवर पाणी बंद करून मोजत बस."

बॉलकॉक दोरीने वर बांधायला ग्लेनिस माझ्याशेजारी वाकली. खांदा साथ देईना, म्हणून तिने उघडे गुडघे सांडलेल्या पाण्याच्या चिखलात टेकले आणि माझ्या काठाला हात घातला.

"आई गं!" ती मागेच कोसळली. "मर्व्ह! कुंपणाची वीज बंद कर! पळ!"

पासष्टीचा मर्व्ह असा कधी पळाला नव्हता. टक् थांबलं. ग्लेनिसने गवत बाजूला सारलं, तार पाहिली, घोडीकडे पाहिलं आणि ती लहान मुलीसारखी रडली.

"तीन दिवस, मर्व्ह. तीन दिवस ती आपल्याला सांगत होती रे!"

मर्व्हने कोपऱ्यात पडलेली जुनी बादली शोधली, घासली, भरली आणि सुलतानाच्या नाकाशी धरली. ती थरथरली. मग प्यायली. एकदम फार नको म्हणून ग्लेनिस थोड्या थोड्या वेळाने बादली मागे घेत होती. डॉक्टरीणबाई आल्या, नळी घातली, सलाईन लावलं. सूर्य मावळेपर्यंत घोडी चार पायांवर उभी होती.

"नाव बदलायचं ठरलं होतं ना रे?" ग्लेनिसने डोळे पुसत विचारलं.

"बदल. हवं ते ठेव. यापुढे बादल्या मी वाहीन, बघायचं काम तुझं."

बॉलकॉक काढला. मागे एक भोक राहिलंय, ते मर्व्हने लाकडी गुडदीने बुजवलंय. पण सुलताना माझ्याजवळ येईना. बादली चालायची, मी नको. आठ दिवस ती दुरून वळसा घालून जायची आणि मी तिची माफी तरी कशी मागणार होतो? नवव्या दिवशी संध्याकाळी ती आली. ओठ पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी श्वास रोखला, मला श्वास असता तर. तिने नाक बुडवलं आणि पीतच राहिली.

मित्रांनो, तुमच्या दारात चिमण्यांसाठी वाटी असेल, गोठ्यात हौद असेल, घरात आजारी माणसाच्या उशाशी तांब्या असेल. तो भरलेला दिसला म्हणून निश्चिंत होऊन पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा, ज्याच्यासाठी भरलाय त्याच्याकडे बघा. कौतुकाची हौस मला आजही आहे, पण काठोकाठ असण्याची नाही. रोज संध्याकाळी ग्लेनिस येते, वाकून बघते, आणि मी अर्धा रिकामा दिसलो की तिच्या चेहऱ्यावर हसू येतं.