दादाचा फिकट तारा

तारांगणातल्या खेळाच्या शेवटी दादाचा एक तारा ठरलेला असायचा. बॅटरीचा बाण घुमटावर टेकवून तो माईकवरून सांगायचा, "मंडळी, या दोन ठळक ताऱ्यांच्या मधे, जरा खाली बघा. फिकट आहे, पण नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ह्याच्या गाभ्यातलं इंधन सरत आलंय. म्हणून अंग फुगायला लागलंय, वरून थोडा गार पडलाय, आणि गंमत म्हणजे उजेड पूर्वीपेक्षा जास्त देतोय! बदल सुरू झालाय, पण गड्याला अजून त्याचा पत्ता नाही." लोक हसायचे.

यंत्रामागे बसलेली त्याची धाकटी बहीण मात्र हल्ली हसत नव्हती. पन्नाशी गाठली तरी दादासाठी ती छोटीच. यंत्र तिच्या ताब्यात. आत दिवा, भोवती बारीक छिद्रांच्या चकत्या, एका छिद्राचा घुमटावर एक तारा. आणि दादा बाण दाखवायचा तिथे तिला नुसता काळोख दिसायचा.

छिद्र बुजलं असेल म्हणून तिने ते ब्रशने साफ केलं. चकती खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं, तर छिद्र लख्ख मोकळं. दिवा बदलला. तरी तारा काही उगवेना. छोटी पार बुचकळ्यात पडली.

मग तिच्या डोक्यात आलं, दादा पाठ म्हणतोय! इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप चालते, डोळ्यांना कोण विचारतो? सत्तरीला टेकलेला माणूस, डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतो. परवा अंधारात स्टुलाला अडखळून तिचा गुडघा फुटला, तेव्हाही ती त्याच्यावरच खेकसली होती, "दिसत नाही का, कुठे ठेवतोस ते?" तो बिचारा म्हणाला, "अगं, स्टूल जागेवरच आहे." प्रेक्षक "दिसला, दिसला" म्हणायचे खरे. पण लोकांचं काय, माईकवरून सांगितलं तर त्यांना हत्तीही दिसेल.

अशात व्यवस्थापकांनी तिला बाजूला घेतलं. "रेकॉर्ड केलेलं निवेदन तयार आहे. दादांची नजर ठीक आहे ना? तुम्ही म्हणाल तसं करू." "सांगते एक-दोन दिवसांत," म्हणून छोटीने वेळ मारून नेली. वहिनी गेल्यापासून दादाला या माईकशिवाय दुसरं होतं काय? खोटं बोलावं तर कामाशी बेइमानी, खरं बोलावं तर भावाच्या पोटावर पाय. डोक्याचा नुसता भुगा झाला. 'दादा, कधीपासून दिसत नाही तुला?' एवढा एक प्रश्न ती मनातल्या मनात घोकत राहिली, पण तो ओठांवर येईना.

शेवटी तिने ठरवलं, खात्री करायची. दुपारच्या खेळाआधी तिने त्या छिद्रावर काळ्या चिकटपट्टीचा कण बसवला. आता तारा नाहीच. तरीही दादा "बघा, बघा" म्हणाला, की संपलं.

खेळ रंगला. शेवटी बाण दोन ठळक ताऱ्यांमधे उतरला. "मंडळी, आता इथे..." दादा थांबला. बाण डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. "अरेच्चा! आज गायब आहे की हो. कालपर्यंत होता."

छोटीला काही कळेचना. घुमट तिला कालच्यासारखाच दिसत होता. अगदी तस्साच.

लोक गेल्यावर दादा यंत्रापाशी आला. "छिद्र बुजलंय बहुतेक. बघ गं जरा, तुझे डोळे तरणे आहेत."

तिने कण काढला, दिवे घालवले, यंत्र सुरू केलं.

"हां, आला बघ!" दादा खुशीत म्हणाला.

"कुठे?"

"अगं, हा काय." त्याने तिचं मनगट धरलं, लहानपणी गच्चीवर धरायचा तसं, आणि तिचं बोट वर नेलं. "हा. बोटाच्या टोकाशी."

छोटीने डोळे ताणले, मिटले, पुन्हा उघडले. तिला रडू यायला लागलं.

"नाही रे दादा," ती म्हणाली.

त्याचा हात तिच्या मनगटावर तसाच राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "छोटे, कधीपासून दिसत नाही तुला?"