पिल्लू कोणाला म्हणता?

मी बोलतेय. जरा वाका, कारण मी तिळाहून लहान आहे आणि काचेच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटवलेली आहे. पण माझा आवाज बारीक नाही, आणि आज तर मी तो अजिबात आवरणार नाही.

मी गोड्या पाण्यातली एक कवचधारी बाई. झिंगे आणि खेकडे आमच्या गोतातले. ते अंगापिंडानं मोठे, म्हणून बाजारात मिरवतात. आम्हाला कोण विचारतं? माझं गाव म्हणजे दूर दक्षिणेच्या महासागरातलं एक बेट. तिथं झाड नाही, माणूस नाही, आणि वारा असा की पक्ष्यालाही धड उभं राहू देत नाही. त्या बेटावरच्या एका डबक्यात मी जन्मले. वर बर्फाचा पापुद्रा, खाली शेवाळ. मे महिन्यात तुम्ही वर्ध्याची माणसं ज्या गारव्यासाठी जीव टाकता, तो आम्हाला बारा महिने फुकट होता.

थंडीत वाढ सावकाश होते. एकदा, दोनदा नाही, अकरा वेळा मी जुनं कवच टाकलं, तेव्हा कुठं पुरती बाई झाले. संसार झाला, पोटाखाली अंड्यांची थैली आली. माझं कसं छान चाललं होतं!

आणि मग संशोधकांचं एक जहाज आलं. त्यातून उतरलेल्या माणसांत पवनारचा, कॉलेजात शिकणारा धनंजय होता. नाक लाल, बोटं आखडलेली, हातात बारीक जाळी. त्यानं जाळी फिरवली आणि ओरडला, "सापडले रे! सर खूश होऊन जाईन!" तुमचे सर खूश व्हावेत म्हणून मला स्पिरिटमध्ये बुडवलं. मला विचारलं का कोणी? त्या तडफडीत माझी थैली सुटली आणि बाटलीच्या तळाशी जाऊन बसली. धनंजय वाईट नाही, त्याला ती दिसलीच नाही. पण आईच्या जिवाचं काय झालं असेल, ते तुम्हीच समजा.

अशी मी वर्ध्याच्या एका कॉलेजात आले. प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख ताराचंद सर. या भागातल्या तळ्यांमधले सूक्ष्म जीव त्यांना तोंडपाठ, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी टेबलावर चहा होता, आणि तो गार व्हायच्या आत त्यांनी माझा निकाल लावला. पुस्तकातल्या ओळखीच्या जातीची बाई तीन मिलीमीटर, मी त्याच्या निम्मी. "पिल्लू हाये," सर म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहून टाकलं : 'अपूर्ण वाढ'. तळाच्या थैलीकडे बोट करून धनंजयनं विचारलं, "अन् हे काय हाये सर?"

"कचरा," सर म्हणाले.

माझी लेकरं कचरा! अहो, एकदा भिंग थोडं खाली फिरवलं असतं तर काय हात झिजले असते?

सरांनी मला त्या जुन्या जातीखाली घालून आपली जीवांची यादी छापली. छापलं म्हणजे झालं, वेदवाक्य! मला कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. सहा वर्षं मी तिथं होते. आम्ही तिघी होतो खरं तर. दुसऱ्या बाटलीचं बूच सैल निघालं आणि त्या दोघी सुकून गेल्या. मी वाचले ती प्रयोगशाळेतल्या कमलाबाईमुळे. ती बाई दर दोन-तीन महिन्यांनी स्पिरिट भरायची. कोणी सांगितलेलं नाही, कोणी शाबासकी दिलेली नाही. म्हणायची, "कोण्या दूरच्या गावचं आलं हाये बिचारं. त्याले कोरडं काऊन ठेवाव?" लाखांची उपकरणं असलेल्या त्या खोलीत एवढी अक्कल एकटीला होती.

मग आकांक्षा आली. समुद्रपूरजवळच्या गावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची. पीएच.डी.साठी सरांकडे लागली होती. रोज एसटीनं यायची, पहिले दोन तास धूळ झटकण्यात जायचे, कारण सरांच्या मते शिकायची सुरुवात झाडूपासून होते. एक दिवस तिनं माझी बाटली उतरवली, मला काचेवर घेतलं आणि पाहतच राहिली. चहा आला, गार झाला, साय धरली, तरी तिनं डोळा काढला नाही. मग तिनं बाटलीचा तळही पाहिला. "अगं माय!" एवढंच म्हणाली.

ती तशीच सरांकडे गेली. "सर, हे पिल्लू नाई. हिचे अंडे हायेत बाटलीत. आठ हायेत, मी मोजले."

"तो कचरा होय."

"पिल्लाले अंडे कसे राहीन सर?"

"अन् साईज? निम्मी हाये न ते!"

"सर, आमच्या वावरात लवंगी मिरची हाये. बारकी हाये म्हणून तिले कोणी कच्ची म्हणत नाई. खाऊन पाहा म्हणा."

वा गं माझी वाघीण! मी काचेवरच मोहरले. पण सरांचा चेहरा उतरला. "पोरी, तू अजून लहान हायेस," ते म्हणाले. "माही यादी छापून आलती तवा तू शाळेत होतीस. आधी शिकून घे, मंग मले शिकवजो."

पाहिलंत? मी लहान म्हणून पिल्लू आणि ती लहान म्हणून चूक. मोजपट्टी एकच!

आता खात्री करायची तर एकच वाट होती. आमच्या कुळात बाईची जात तिच्या पाचव्या पायावरून ओळखतात, आणि तो पाय पाहायला अंग उकलावं लागतं. शिल्लक मी एकटीच. हात हलला तर सगळंच गेलं. आकांक्षानं ग्लिसरिनचा थेंब ठेवला, केसासारखी सुई घेतली आणि पुटपुटली, "बाई, माफ करजो मले." इतक्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं माणूस. मी म्हटलं, काप गं, बिनधास्त काप. तिनं श्वास रोखला आणि पाय अलगद सुटा केला. चित्र काढलं, जगातल्या सगळ्या ज्ञात बहिणींशी ताडून पाहिलं. तसा पाय कोणाचाच नव्हता. मी नवी जात होते.

नवी जात म्हटल्यावर सरांचा नूर पालटला. स्वतः खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "बस न आकांक्षा. पाहाय, आपल्या शास्त्रात स्वतःचं नाव स्वतः देता येत नाई. ते शिष्यानंच द्याव लागते. माह्या नावानं ठेव, 'ताराचंदी'. काय मस्त वाटते! मी आजच तुह्या प्रबंधावर सही करून देतो."

मला संताप आवरेना. ज्यानं माझ्या लेकरांना कचरा म्हटलं, त्याचं नाव मी जन्मभर मिरवू? जन्म तर संपलाय माझा. म्हणजे कायमचंच की! आणि त्या पोरीची चार वर्षांची मेहनत त्या एका सहीवर अडलेली. ती हो म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता, देवाशपथ.

"नाव ठरलं सर," ती म्हणाली. "लेकुरवाळी."

सरांनी पेन खिशात घातला.

तिनं आणि धनंजयनं मिळून लेख पाठवला. परदेशातल्या जाणकारांनी पाच महिने तपासला आणि छापला. आणि मग पाहा गंमत! कॉलेजच्या फाटकावर बॅनर लागला. सरांचा फोटो हातभर, खाली 'आमचा अभिमान', आणि माझ्या जागी बाजारातला तांबडालाल झिंगा! एका पेपरात आलं, 'वर्ध्याच्या प्राध्यापकांनी शोधला नवा मासा'. मासा! आणि आकांक्षाचं नाव? बॅनरवर नाही, पेपरात नाही.

सत्काराला मोठे पाहुणे आले. सरांच्या गळ्यात हार पडला. मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. पाहुण्यांनी डोळा लावला न लावला आणि म्हणाले, "अरे वा! केवढंसं पिल्लू आहे!"

सगळं सभागृह सरांकडे पाहत होतं. खरं काय ते सरांना आता पक्कं ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाचं म्हणणं खोडायचं कसं?

"हो साहेब," सर हसून म्हणाले. "पिल्लूच हाये."

मागच्या रांगेतून आकांक्षा उठली. "नाई साहेब. पुरी बाई हाये ते. आठ अंड्यांची माय हाये. सरायलेबी माहीत हाये." ती सरळ पुढे आली, मला काढून डबीत ठेवलं. सर दबक्या आवाजात म्हणाले, "आकांक्षा, फोटो राह्यला न!"

"बॅनरवर झिंगा हाये सर, त्याच्यासंगं काढा," ती म्हणाली आणि बाहेर पडली. दाराशी कमलाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

उद्या मी मोठ्या संग्रहालयात जाणार. तिथं मला कुलूपबंद कपाट मिळेल आणि माझं नावही माझंच राहील. माझं सगळं मार्गी लागलं. तिचं नाही. प्रबंध सात-आठ महिन्यांपासून सरांच्या टेबलावर तसाच आहे. रोज ती समुद्रपूरहून येते, दाराबाहेर उभी राहते, आणि आतून उत्तर येतं, "उद्या येजो."

ताराचंद सर, माझी अंडी तुम्ही कचरा ठरवलीत, ते मी गिळलं. सहा वर्षं मला पिल्लू म्हणालात, तेही गिळलं. पण ती पोरगी आता लहान नाही, हे तुम्हाला चांगलं दिसतंय. सही करा.