सारजाबाईची हुडवी

सारजाबाई गेली ती मार्गशीर्षातल्या थंडीत, सकाळी, चहाची कपबशी बाजूला ठेवता ठेवता. सून पद्मा गोबरगॅसच्या शेगडीवर भाकरी टाकत होती. "आत्या, अजून घोटभर देऊ का?" तिनं विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून मागं वळून पाहिलं.

सणसरचा सगळा बौद्धवाडा दारात जमला. रडणं ओसरल्यावर शेजारच्या रामहरीनं तिच्या मुलाला, बुद्धघोषला, बाजूला घेतलं. "लाकडाचं बघतो मी. गवऱ्या किती हायत घरात?"

बुद्धघोषनं अंगणाकडं पाहिलं. जिथं आईनं रचलेली गोवऱ्यांची हुडवी उभी असायची, तिथं आता त्यानंच बांधलेला गॅसचा घुमट होता. घरात गोवरी नव्हती. एकसुद्धा.

दुष्काळाच्या साली त्याचा बाप गेला तेव्हा सारजाबाईच्या घरी जनावर नव्हतं. मयताला गोवऱ्या मागायला ती गावात दारोदार फिरली. कुणी दिल्या, पण लांबून टाकल्या. पदरात झेलताना एक फुटली, तर आतून आवाज आला, "नीट झेलायच्या." त्यानंतर ती दुसऱ्यांचे गोठे झाडायला लागली. झाडणाऱ्या बाईनं पाटीभर शेण न्यायचं, ही गावाची रीत. त्यातलं थोडं चुलीला, बाकीचं थापून, वाळवून, अंगणात गोलाकार रचलेलं. वरून शेणामातीचा लेप. ती हुडवी पावसाळ्यातही आत कोरडी ठणठणीत राही. घरात सरपण संपलं तरी तिला हात लावायचा नाही.

"म्हातारे, गवऱ्या मसणात गेल्या की तुझ्या," असं कुणी चेष्टेनं म्हटलं, की सारजाबाई हसायची. "जातील तवा माझ्या मी घिऊन जाईन. तुझ्या दारात येणार न्हाय."

पोरालाही तिचं एवढंच सांगणं असे. "माझ्यासाठी कुणापुढं पदर पसरू नको."

बुद्धघोष आधी मिळेल ते गवंडीकाम करायचा. काम नसलं की ऊस तोडायला जायचा. त्र्याण्णव साली बारामतीला त्यानं गोबरगॅस बांधायचं शिक्षण घेतलं आणि त्याचं नशीब पालटलं. सरकारी अनुदान होतं. ज्याच्या दावणीला जनावर, त्याला गॅस हवा होता. बायकांचा धूर गेला, लाकूडफाट्याची पायपीट गेली, घुमटाच्या पोटातून बाहेर पडणारी मळी उसाला खत म्हणून जाऊ लागली. विटांचा घुमट कुठंही न गळता उभा करणं सोपं नसतं. त्याचा गळत नसे. बारा महिने काम मिळू लागलं. पद्माचं खुरपणीला जाणं थांबलं. दारात दोन म्हशी आल्या, जुनी एम-एटी गाडी आली.

मग त्यानं स्वतःच्या घरी गॅस बांधायचा ठरवला. खड्डा उन्हात हवा आणि स्वयंपाकघराजवळ हवा. तेवढ्याशा अंगणात तशी एकच जागा होती.

"आये, हुडवी हलवावी लागंल."

चुलीपुढं पद्मा डोळे पुसत फुंकर घालत होती. तिच्याकडं बघत म्हातारी म्हणाली, "ठेवशील कुठं?"

"निरवांगीचा गेणबा कुंभार नेतो म्हणतोय, भट्टीला. आता दोन म्हशी हायत आपल्या. वर्षाच्या आत दुसरी रचू की. तू काय एवढ्यात मरतीस?"

"व्हय, रच," ती म्हणाली. गेणबाची गाडी आली तेव्हा ती स्वतः गोवऱ्या भरू लागली. बदल्यात त्यानं दोन माठ ठेवले.

गॅस सुरू झाला. सगळ्यांत जास्त कौतुक म्हातारीलाच. रोज सकाळी म्हशींचं शेण पाण्यात कालवून तीच गॅसच्या कुंडीत सोडायची. कधी एखादा गोळा भिंतीला थापायची. पण थंडीत गॅस कमी येतो. भाकरी अर्ध्यावर राहिली की पद्माला ओरडावं लागायचं नाही. म्हातारी आपणहून भिंतीवरची ओली गोवरी काढून कुंडीत टाकायची. बुद्धघोषनं ते पाहिलं होतं. नव्या हुडवीचं पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं त्यानं दोन उन्हाळे म्हटलं.

आता तो गावात निघाला. ज्या दारात जावं तिथं त्याच्याच हातचा घुमट. कुणी त्याला बाहेर उभं केलं नाही. हात धरून आत बसवलं, बायकांनी डोळ्याला पदर लावला. गोवरी मात्र कुणाकडंच नव्हती.

बागायतदार नाना म्हणाले, "बाभळीचं लाकूड लागंल तेवढं ने. ट्रॅक्टर देतो. पण गवरी कुठली रं आता? तूच बंद केल्यास की." बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं.

"मागायला आलो, नाना," बुद्धघोष म्हणाला. "तिनं नको म्हणून सांगितलं हुतं."

नानांच्या पत्नी अक्काबाई दारातून बोलल्या, "त्या कुंभाराला तर विचार."

त्यानं एम-एटी निरवांगीला पळवली. ऐकून गेणबा चाकावरून उठला. "मागंच जाळल्या रं सगळ्या. थांब जरा." छपराच्या कोपऱ्यातून त्यानं एक पाटी काढली. तळाशी थोड्या गोवऱ्या होत्या. "भट्टी पेटवताना ह्या पहिल्या लावायचो. पटकन धरायच्या."

बुद्धघोषनं एक हातात घेतली. वर आईची बोटं उमटली होती. करंगळी बाहेर फाकलेली. ऊस तोडताना कोयता लागून ती तशीच वाकडी राहिली होती.

दुपार कलली तेव्हा ओढ्याकाठी नानांच्या बाभळीवर सारजाबाईला ठेवलं. त्रिशरण, पंचशील झालं. बुद्धघोष पाटीतल्या गोवऱ्या तिच्या उशाला, खांद्यापाशी लावत गेला. शेवटची हातातच राहिली. त्यानं गोवरीवर उमटलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवून पाहिली. त्याचा हात मोठा होता, बसला नाही.

"ती ठिवतूस का घरी?" रामहरीनं हळूच विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "तिची हाय." आणि ती त्यानं आईच्या हाताखाली सरकवली.