सध्या अडतीस

हिरामणने तिसऱ्या मजल्यावरची बेल दाबली आणि आतून कुणी येण्याआधीच पुन्हा एकदा दाबली. क्षिप्राने दार उघडलं ते फोन पुढे धरूनच.

“काका, भाडं एक तारखेलाच टाकलंय. स्क्रीनशॉट दाखवू?”

“भाड्याचं नाय गो,” हिरामण म्हणाला. त्याने चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. “एक सांग. तुजे इंदूरला तुना पगार किती व्हता?”

क्षिप्रा खारघरच्या एका इस्पितळात नर्स होती. दोन वर्षांत या घरमालकाने तिला गॅसच्या नळीबद्दल विचारलं होतं, गच्चीवर वाळत घातलेली चादर कुणाची ते विचारलं होतं. इंदूरचा पगार कधी विचारला नव्हता.

“सोळा हजार.”

“आन आता हितं?”

“एकतीस.”

ओहोटीला जाळं ओढावं आणि त्यात जिताडा निघावा तसा हिरामणचा चेहरा उजळला. “आयतवारी गच्चीव जेवाला ये. खाडीची कोलंबी हाय. आन आता मना सांगितलंस ना, तेच आमचे उन्नतीला सांग. फकस्त आकडं. बाकीचं काय नको.”

दुसऱ्या मजल्यावर नंदकुमार सरांकडे तो आधीच जाऊन आला होता. सर उदगीरचे. तिथल्या विनाअनुदानित कॉलेजात तासावर शिकवायचे; महिन्याचे सहा हजार, तेही संस्थेच्या अध्यक्षांना आठवण झाली तर. इथे खारघरच्या कॉलेजात पस्तीस. तळमजल्यावरचा सेल्वम तळोज्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. त्याचं गाव कोइमतूरजवळचं. त्याला तिकडे अठरा मिळायचे, इकडे सत्तावीस. ते ऐकून हिरामणने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली होती, की बिचाऱ्याच्या हातातला चहा सांडला. कारण सगळा प्रश्न कोइमतूरचाच होता.

मंगळवारी संध्याकाळी त्याच्या लेकीने, उन्नतीने, भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं. कोइमतूरच्या एका पंपाच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

“पगार?” हिरामणने विचारलं होतं.

“अडतीस.”

“आता म्हाप्याला किती मिलतान?”

“पंचेचाळीस.”

हिरामणचा घास हातातच राहिला. “म्हंजी सात कमी.”

“सात कमी. आणि वर खोलीचं भाडं.” तिने काही लपवलं नाही. लपवणं त्या पोरीच्या अंगातच नव्हतं.

“सगला देश आपले करंजाड्यान येतो पोट भराला, नि तू करंजाडं सोरून चालली. ते पन कमी पैशाव.”

“बाबा, महाप्याला मी दुसऱ्यांनी बनवलेल्या पंपांचे भाव टाइप करते. चार वर्षं तेच. तिथे पंप बनवायला मिळेल. पाण्याला आत कसं फिरवायचं, ते मी ठरवणार.”

हिरामणच्या बापजाद्यांची खारजमीन शहरासाठी गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्याने ही पाच मजली इमारत उभी केली. तेव्हापासून तो बघत आला होता, टेम्पो येतात आणि देश उतरवतात. कुणाची गादी, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची दोरीने बांधलेली सायकल. त्याच्या लेखी मुलखाचा उतारच इकडे होता, पाणी इकडेच यायचं. आणि त्याची एकुलती एक लेक मात्र चढाला लागली होती.

पंपाचं वेड तिला त्यानेच लावलं होतं, हेही खरं. दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरायचं आणि नेमका तेव्हाच पंप अडायचा. एका वर्षी मेकॅनिक आला नाही, तेव्हा तेरा वर्षांच्या उन्नतीने तो उघडला. अडकलेलं प्लॅस्टिक ओढून काढलं, पुन्हा जोडला, आणि पंपाने गुळणी टाकल्यासारखं पाणी बाहेर फेकलं. हिरामणने बॅटरी धरली होती. त्या दिवसापासून पंप तिचा आणि बॅटरी त्याची.

“जाऊ नको” हे दोन शब्द त्याला म्हणता आले असते. म्हटले असते तर ती राहिलीही असती, आणि हेच त्याला नको होतं. आकड्यांनी थांबवलं असतं, तर बापाने थांबवलं असं झालं नसतं.

रविवारी गच्चीवर सतरंज्या पडल्या. हिवाळ्यातलं ऊन अंगाला लागत नव्हतं, नुसतं टेकून बसल्यासारखं होतं. एका कोपऱ्यात तीन विटांवर तवा ठेवून सुमित्राबाई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. नवऱ्याचा बेत तिला गुरुवारीच कळला होता. तीस वर्षांच्या संसारात त्याच्या एकाही बेतासाठी तिला त्याने सांगेपर्यंत थांबावं लागलं नव्हतं.

नंदकुमार सरांनी सुरुवात केली. त्यांनी पाहुण्या वक्त्यासारखा घसा साफ केला.

“उन्नती, आमच्या उदगीरला मला सहा हजार होते. इथं पस्तीस. म्हणजे मोठ्या शहराचं बगा...” पुढे काय सांगायचं ठरलं होतं ते आठवेना, म्हणून ते कोलंबीकडे वळले.

“बोला ना सर,” हिरामण म्हणाला. “तितं पुढं काय व्हतं? कायच नव्हतं.”

“कायच नव्हतं,” सरांनी मान्य केलं.

क्षिप्राने आपले सोळा आणि एकतीस सांगितले. सेल्वमने अठरा आणि सत्तावीस सांगितले, तेही हिरामणकडे बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तसे. हिरामणने उन्नतीकडे बघितलं. ती शांतपणे भाकरी खात होती.

“सेल्वम,” तिने विचारलं, “भाडं किती देतोस?”

सेल्वमने आधी घरमालकाकडे बघितलं, मग ताटाकडे. “नऊ.”

“सत्ताविसातून नऊ गेले.”

बोटांवर मोजायची गरज नव्हती, तरी नंदकुमार सरांनी मोजले. “अठरा,” ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली.

मग सुमित्राबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या हातातली भाकरी तव्याच्या बाहेर लोंबली.

“अवो, म्हंजी त्यो बिचारा हजार मैलांवरनं आला, नि जास्तीचं सगलं तुमचे खिशान टाकून मोकला.”

“गप गो,” हिरामण म्हणाला, पण त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. मग ते लपवायला तो सेल्वमवर उखडला. “मंग आलास कशाला रं? अठराच कमवाचे व्हते तं गावालाच रहाचा.”

सेल्वमने कोलंबीचं शेपूट ताटाच्या कडेला ठेवलं. त्याची मराठी सावकाश चालायची, ओल्या बांधावरून चालल्यासारखी, पण पाय घसरू द्यायची नाही.

“अंकल, तिकडे मशीन हाताने फिरवते. जुना मशीन. वीस वर्ष तोच. इकडे मशीन कॉम्प्युटरवर. मी तो शिकायला आला. आता येते मला. आता मला कुठेपण काम हाय.” थोडं थांबून तो म्हणाला, “पैसा तेवढाच राहिला. पण मी तेवढाच नाय राहिला.”

“माझंही खरं सांगू?” क्षिप्रा म्हणाली. “मी पगारासाठी आले असं सगळ्यांना सांगते. पण इंदूरला मला सलाइन लावायच्या पुढे कुणी जाऊच देत नव्हतं. इथे पहिल्या महिन्यात आयसीयूत टाकलं. इतकी घाबरले होते, की घरी येऊन जेवण न करताच झोपायचे. पण काय मस्त वाटायचं, काका.”

“मग मीच कशाला मागं राहू,” नंदकुमार सर म्हणाले. “निघालो त्या दिवशी आमचे वडील स्टँडवर आले. बस हालली तेव्हा खिडकीतून एक पिशवी दिली. उघडून बगतो, तर घरातला एकुलता एक चांगला टॉवेल. आता टॉवेल काय मुंबईत मिळत नाहीत व्हय? पण आजून फाटला नाही तो. फाटू देत नाही मी.”

हिरामण एकेकाकडे बघत होता. ज्यांना त्याने आपल्या बाजूने बोलायला म्हणून गोळा केलं, कोलंबी खाऊ घातली, ते सगळे एकेक करून खाडीपलीकडे जाऊन बसले होते. आणि तिकडे बसून किती खूश दिसत होते. आपापल्या गावातून निघाल्याचा दिवस सांगताना तिघांचे चेहरे असे झाले होते, जसे लग्नाच्या गोष्टी सांगताना म्हाताऱ्या बायकांचे होतात.

सुमित्राबाईने नवी भाकरी थापायला घेतली. कुणाकडेही न बघता, थापेच्या ठेक्यावर ती गुणगुणायला लागली. लग्नाघरी बायका हळद दळताना जोडतात, तशी ती ओळीला ओळ तिथेच जोडत होती:

“लेक गो माजी शानी, तिचे मुठीन पानी,
उताराचं पानी जाईल डोंगराचे ठिकानी.”

“आई, काहीही,” उन्नती म्हणाली आणि लाल झाली.

हिरामणने ताटातली मोठी कोलंबी सोलली. सावकाश, दोरा काढून, स्वच्छ करून. नेहमीच्या सवयीने ती उन्नतीच्या ताटात ठेवली. मग बोटं पुसली.

“सेल्वम,” तो म्हणाला, “तुजे तिकडं खोलीला भारा काय घेतान?”

उन्नतीचा हात ताटातच थांबला.

“कोइमतूरला माझी आत्या आहे, अंकल. कारखान्याच्या जवळ. वरची खोली रिकामी. पाच हजार.”

“पाच?” हिरामणला खरोखरच धक्का बसला. “पाचान तिला परवडतं कसं? लाव, फोन लाव.”

सेल्वमने फोन लावून सतरंजीच्या मधोमध ठेवला. पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, मागे कुकरची शिट्टी झाली. सेल्वम तमिळमध्ये बोलला, ती बोलली, पुन्हा सेल्वम बोलला. हिरामण पुढे झुकून ऐकत होता, जणू नीट कान दिला तर भाषा आपोआप सुटी होईल.

“विचारते, मुलगी मासे खाते का?”

“आमी आगरी हाव म्हनाव.”

“तसं सांगून कळणार नाय, अंकल.”

“मंग खाते म्हनाव. रोज.”

पलीकडे विचार झाला. “चालेल म्हणते. फक्त शुक्रवारी नको.”

“शुक्करवार सोरला,” सुमित्राबाईने तव्याकडूनच मंजूर करून टाकलं.

“आता विचारते, पगार किती.”

हा प्रश्न हिरामण स्वतः प्रत्येक भाडेकरूला खोली देताना विचारायचा. उत्तर ऐकताना समोरच्याच्या चपलांकडे बघायचा. उन्नतीचा आकडा मात्र गेले पाच दिवस तो माशाच्या काट्यासारखा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवत आला होता. त्याने पाठ सरळ केली, सदऱ्याची कॉलर नीट केली, जशी काही ती बाई त्याला बघत होती.

“अडतीस,” तो म्हणाला. मग लगेच हात वर केला. “थांब. तसं नको सांगू. सांग, सध्या अडतीस. वाढनार हाय. पंप बनवते म्हनाव आमची पोर. इकत नाय, बनवते.”

सेल्वमने सांगितलं. तमिळमध्ये ते बरंच लांबलं; त्यात कॉम्प्युटरही आला, पार्किंगमधलं पाणीही आलं असावं, कारण सेल्वम हाताने काहीतरी ओढून काढल्याचं दाखवत होता, फोनवर दिसत नसतानाही. पलीकडची बाई हसली.

“काय म्हनली?”

“म्हणते, तिच्या घरचा पंप पण नीट चालत नाय.”

उन्नती हसायला लागली. तिचं हसणं आवरेना; तिने उपड्या हाताने डोळे पुसले आणि हाताचा रस्सा गालाला लागला. क्षिप्राने तिला पाण्याचा तांब्या दिला.

“अजून विचारते,” सेल्वम म्हणाला, “वडील खोली बघायला येणार का?”

“येनार ना. यावंच लागल.” हिरामण आता पुरता घरमालक झाला होता. “पानी किती वाजता येतं, भिंतीला ओल हाय का, दाराची कडी आतनं कशी हाय, सगलं बगनार म्हनाव. फोनव काय समाजतं?”

उन्नतीने हात धुतले, फोन काढला आणि गाड्या बघायला लागली. सोमवारचं उत्तर अजून लिहायचं होतं, पण ते आता फक्त लिहायचंच राहिलं होतं.

“बाबा, पुढच्या महिन्याच्या दोन तारखेची मिळतेय. किती काढू?”

“तीन,” सुमित्राबाई म्हणाली. “मी काय हितं भिंती राखू?”

“बरं, तीन. आणि परतीची?”

सुमित्राबाईने तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली. हिरामण उठला, टोपलीतून गरम भाकरी घेतली आणि सेल्वमच्या ताटात वाढली. सेल्वम नको नको म्हणत असताना वर आणखी अर्धी ठेवली.

“परतीची दोन कार,” तो म्हणाला.