राणी पुढे चालते

जिनिव्हाहून आलेल्या चित्रकाराने आमच्या गावाचं जलरंगातलं चित्र काढलं, तेव्हा चर्चचा मनोरा दुप्पट उंच केला आणि हिमनदी पार आमच्या छपरांवर आणून ठेवली. कोणी हरकत घेतली नाही. पाहुण्याला तेवढी मुभा असतेच. पण कुरणावरून गावात उतरणाऱ्या गाईंच्या पुढे, शिंगांना फुलं बांधून, त्याने माझ्या दिराची तांबडी चालवली तेव्हा माझं डोकं फिरलं.

आमच्या खोऱ्यात पुढची जागा मागून मिळत नाही. उन्हाळा लागला की गाई कुरणात झुंजतात, आणि जी सगळ्यांना हटवते ती राणी. यंदाची राणी माझी काळी. नवरा हिमलोटात गेला तेव्हा हाच दीर, सिप्रियाँ, चारचौघांत म्हणाला होता, "वहिनी, काळी मला विका. एकट्या बाईच्या गोठ्यात राणी निपजत नाही." मी विकली नाही. माझ्या ताटातली राय धान्याची भाकरी चारून वाढवली, आणि ती जिंकली. आता हे चित्र शहरात टांगलं जाणार आणि माझी काळी त्यात मागे, कळपात!

"बदला," मी चित्रकाराच्या खोलीवर जाऊन त्याला म्हणाले.

"बाई, मावळतीच्या उन्हात तांबडी कशी झळकते बघा. काळी सावलीत बुडून जाईल."

"बुडू दे. पण पुढे बुडू दे."

तो हसला आणि ब्रश धुऊ लागला. तेवढ्यात सिप्रियाँ आत आला. आता हा मिशीला पीळ देणार, असं मला वाटलं. त्याने चित्र पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"हे काय हो? माझी गाय पुढे? मी काय तुमचं घोडं मारलं?"

"अहो, तुमचा मानच केला की."

"कसला मान! हरलेली गाय फुलं बांधून मिरवली म्हणून सारं खोरं मला तोंडावर हसेल. काळी करा तिला. राणी वहिनींची आहे."

नवरा गेल्यापासून मी या एका वाक्यासाठी थांबले होते. इतक्या स्वस्तात सोडणार नव्हते.

"जरा मोठ्यानं, भावजी. चित्रकारबुवांना ऐकू आलं नाही."

"राणी वहिनींची!" तो ओरडला. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

तांबड्यावर काळा रंग सहज चढला. सिप्रियाँ चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"डावं शिंग मोडकं दाखवा," तो म्हणाला. "माझ्या तांबडीनं मोडलंय ते."

चित्रकाराने माझ्याकडे पाहिलं.

"दाखवा," मी म्हणाले. "फुकट नाही झाली ती राणी."