रोज्यावरची पैज

मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या त्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये पैज कशावर लागत नसे ते विचारा. शेठ दहाच्या आत येणार की नंतर, लाइट जाणार की राहणार, मॅच कोण मारणार. हरला त्यानं सगळ्यांना वडापाव द्यायचा. तिथं काम करणाऱ्या चौघांत महिपत वयानं मोठा आणि पैजेचा सगळ्यात हावरा. गुरुदत्त त्याच्या होला हो म्हणणारा, साईनाथ हसत हसत सामील होणारा. चौथा मुबीन, कल्याणहून बसनं येणारा. तो मात्र कधीच पैज लावत नसे.

"अरे, एका वडापावनं काय नरकात जाणारेस?" महिपत चिडवायचा.

"दादा, दोघांनी लावायचं आणि एकानं न्यायचं, तो जुगारच. वडापाव असो की फ्लॅट. आमच्यात हराम आहे ते," मुबीन न चिडता सांगायचा. "आणि हरलो की माझ्या मनात तुझ्याबद्दल कायतरी राहणार. दोस्ताबद्दल कशाला ठेवायचं?" मग महिन्यातून एकदा तो स्वतःच सगळ्यांना मिसळ खिलवायचा. "ही खुशीची. यात कोणी हरलं नाही."

साईनाथला हे मनापासून पटायचं. पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी हा पुन्हा पैजेला हजर.

यंदा रमजान मार्चात आला. वर पत्रे, आत रंग पक्का करायची भट्टी, आणि मुबीनचं काम भट्टीच्या तोंडाशी. तापलेले पत्र्याचे भाग हुकावरून उतरवायचे आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. एका सकाळी हात धुताना महिपत लांब उभ्या मुबीनकडे बघत हळूच म्हणाला, "आज हा पाणी पिणार. पाचशे."

साईनाथला राग आला. मित्राचा अभिमानही वाटला. "नाय पिणार. माझे पण पाचशे," तो म्हणाला आणि नोट गुरुदत्तच्या हातात ठेवली. आपण मुबीनची बाजू घेतली, असंच त्याला तेव्हा वाटलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

चारच्या सुमारास मुबीन हातमोजे काढून दाराशी बसला. ओठ सुकून पांढरे पडले होते. साईनाथ धावत गेला.

"साई, अंधारी येतेय रे," मुबीन म्हणाला. "सोडू का रोजा? तब्येतीवर बेतलं तर सोडायची मुभा आहे, ईदनंतर एक भरून काढता येतो. पण मला माझंच कळत नाय. खरंच सहन होत नाय, की मन पळवाट काढतंय? तू बघ माझ्याकडे आणि सांग."

साईनाथच्या हातात पाण्याची बाटली होती. 'पी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात भट्टीपलीकडून टक लावून बघणारा महिपत त्याला दिसला.

"अडीच तास तर राहिलेत," साईनाथ म्हणाला. "दम धर. तुझं काम मी करतो."

आणि केलंही. संध्याकाळपर्यंत त्यानं दोघांचं काम उपसलं, हात भाजून घेतले. पण ती बाटली त्यानं मुबीनला दिली नाही.

पाळी सुटताना गुरुदत्तनं दिलेल्या पैजेच्या नोटा खिशात टोचू लागल्या, तेव्हा त्यानं त्याच पैशांतून खजुराचा भारीतला डबा आणि कलिंगड आणलं. पाप धुवायला पापाचेच पैसे! सूर्य मावळला तशी मुबीननं खजूर उचलला आणि दोन्ही हात पसरून काहीतरी पुटपुटला.

"तुझ्यासाठी मागितलं," तो म्हणाला. "आज तू नसतास तर रोजा सुटला असता."

आत्ताच सगळं सांगून टाकावं, असं साईनाथला वाटलं. तरी तो मान हलवून हसला. त्या हसण्याची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मुबीननं त्याच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. आत तांदळाच्या रव्याची वाफवलेली पांढरीशुभ्र सांदणं आणि नारळाचा गोड रस. "अम्मीनं पहाटे उठून केलंय. म्हणाली, ज्यानं माझ्या मुलाला सांभाळलं त्याला दे."

आता मात्र साईनाथला राहवेना. डबा खाली ठेवून त्यानं सगळं सांगितलं. हात धुतानाची पैज, नोटा, खजूर. मुबीनच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून डब्याच्या झाकणाकडे बघत सांगितलं.

मुबीननं हातमोजे उचलले. "खजूर मी नकळत खाल्ले, त्याचं पाप मला लागत नाय," तो म्हणाला. "महिपतदादाचे पैसे त्याला परत दे. तुझे तुझ्याकडे."

"देतो. आत्ता देतो. तू शिव्या घाल रे मला."

"शिव्या कशाला?" मुबीननं हातमोजे चढवले. "पण काल मी तुला विचारलं होतं, साई. तू माझ्याकडे बघून नाय सांगितलंस."

साईनाथनं स्वतःच्या पाकिटातली पाचशेची नोट महिपतला दिली आणि मुबीनला सगळं कळल्याचंही सांगितलं. एरवी पैजेचे पैसे कधी परत न घेणाऱ्या महिपतनं ती मुकाट्यानं खिशात घातली.

त्या दुपारी ऊन आणखी चढलं. साईनाथ बाटली भरून मुबीनच्या आसपासच घोटाळत होता. या वेळी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं शंभरदा घोकलं होतं. तीनच्या आधीच मुबीन भट्टीपासून बाजूला झाला, भिंतीला धरून उभा राहिला. साईनाथ दोन पावलं पुढे झाला.

मुबीननं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला वळसा घालून तो हळूहळू भट्टीपलीकडे गेला.

"महिपतदादा," तो म्हणाला, "माझ्याकडे नीट बघ आणि सांग. कसा दिसतोय मी?"

पैजेत त्याच्या पाण्यावर पाचशे लावणारा तो महिपत. त्यानं मुबीनची हनुवटी धरली, डोळे निरखले आणि म्हणाला, "पार उतरलायस, पोरा. खाली बस. पाणी पी."

मुबीन बसला. महिपतनं आपल्या बाटलीचं झाकण उघडून दिलं आणि तो तीन घोटांत सावकाश पाणी प्यायला. साईनाथ भरलेली बाटली हातात घेऊन तिथेच उभा राहिला.