जोडशब्दाचा तास

वर्गातून पाय आपटल्याचा आवाज आला आणि बाहेर बाकावर बसलेल्या थोरल्या बाईंनी चमकून दाराकडे पाहिलं. तो खेळ त्यांचा होता.

दोन मुलांना पुढे बोलवायचं. एक ‘ग्रीन’, दुसरा ‘हाउस’. दोघं सुटे उभे राहिले तर ते नुसतं हिरवं घर, मग पाय ‘हाउस’ने आपटायचा. हात धरले की एकच शब्द झाला, रोपं वाढवायची काचेची खोली, आणि जोर गेला ‘ग्रीन’वर. इंग्रजी जोडशब्दांतला आघात मुलांच्या डोक्यात शिरावा म्हणून बाईंनी हे खूळ काढलं होतं. भांडी विसळता विसळता धाकट्या जावेलाही शिकवलं होतं. तिला या शाळेत चिकटवली तीही त्यांनीच.

आज विभागप्रमुखाच्या जागेसाठी नमुना पाठ होते. “ताई, तुम्ही असताना मी कशाला अर्ज करू?” असं धाकटी म्हणाली होती. आत्ता आत तीच शिकवत होती.

“कल्पना छान आहे. तुमचीच?” परीक्षकांनी विचारलं.

“हो सर, माझीच.”

आवाज जरासुद्धा कापला नाही बयेचा. दार तर उघडंच होतं.

थोरल्या बाईंची पाळी आली. दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून त्यांनी तोच खेळ मांडला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, हे आत्ताच झालं.” परीक्षक एकमेकांकडे बघून हसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. उरलेला तास बाईंनी खडू-फळ्यावर कसाबसा ओढला.

निकाल त्यांच्याआधीच घरी पोचला होता.

“अगं, पद घरातच राहिलं ना? मग तोंड पाडून काय बसतेस?” सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने वर्तमानपत्रात डोकं घातलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी त्याला विचारलं.

“घरात उगाच कटकट नको, म्हणून म्हटलं...”

जावेचं एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण सकाळी दारात उभं राहून याने ‘बेस्ट लक’ म्हटलं होतं, आणि तेव्हाही त्याला सगळं ठाऊक होतं. बाईंना संताप आला, आणि संतापापेक्षा लाज वाटली.

जेवणं झाल्यावर धाकटी ओट्यापाशी आली.

“ताई, रागावू नका हं. एक सांगा ना. ‘मशीन’ एकटं असलं की जोर ‘शीन’वर. मग ‘वॉशिंग मशीन’मध्ये कुठे द्यायचा? उद्या मुलं विचारतील. तुमच्याशिवाय मला कोण सांगणार?”

सांगूच नये, होऊ दे एकदा फजिती, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं. पण चुकीचं शिकणार होती ती मुलं.

“‘वॉ’वर,” त्या म्हणाल्या. “‘शीन’चा जोर तिथे कमी होतो.”

धाकटीचा जीव भांड्यात पडला. “द्या, मी घासते भांडी.”

“नको. तुम्ही बसा, मॅडम.”

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धाकटी फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. थोरल्या बाईंनी नळ सोडला आणि फक्त आपलं ताट घासायला घेतलं.